लहानसा स्पीकर कसा निवडावा?

मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्या काळीं गाणें ऐकणें हा एकट्यादुकट्याचा उद्योग नव्हता. यंत्र मोठें, जड आणि महागडें. तें ज्याच्या घरीं असे त्याच्या ओटीवर संध्याकाळीं शेजारीपाजारी जमत आणि एकाच आवाजांत पंधरावीस माणसें रंगून जात. ग्रामोफोनचीही गोष्ट तीच होती. आज तें सर्व भांडार प्रत्येकाच्या खिशांतील फोनमध्यें येऊन बसलें आहे. कीर्तन, भजन, जुनीं नाट्यपदें, दशावताराचा अख्खा खेळ, बातम्या, हवें तें हव्या त्या वेळीं काढावें आणि ऐकावें. परंतु या सर्वज्ञ यंत्राचा कंठ मात्र फार बारीक आहे. एकट्यानें कानाशीं धरून ऐकण्यापुरता तो पुरतो. चार माणसें भोंवतीं बसलीं कीं अपुरा पडतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं हातांत मावेल असा, तारेवांचून चालणारा स्पीकर आतां सर्वत्र मिळूं लागला आहे. साधा, टिकाऊ नमुना हजार-दोन हजार रुपयांच्या आसपास येतो. तथापि दुकानांतील फळीवर त्याचे इतके प्रकार मांडलेले असतात कीं, त्यांतून कोणता उचलावा हें सामान्य गृहस्थास समजत नाहीं.

या खरेदींत एक अडचण अशी असते कीं, विकत घेणारा एक आणि ऐकणारा दुसराच. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तर हें नेहमींचेंच आहे. मुलगा मुंबईस नोकरींत. आई-वडील मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याकडील एखाद्या वाडींत. गणेश-चतुर्थीला गांवीं येतांना मुलगा मोठ्या प्रेमानें एक स्पीकर घेऊन येतो. तो घेतांना त्यानें पाहिलेलें असतें तें इतकेंच कीं, छातींत धडकी भरेल असा ठेका त्यांतून निघतो व भोंवतालीं रंगीबेरंगी दिवे लुकलुकतात. चार दिवस घर दणाणून जातें. चाकरमानी परत गेला म्हणजे आई आपलें आवडीचें कीर्तन त्यावर लावून पाहते आणि शेजारणीस सांगते, “आवाज मोप येता गे, पण बोलतत काय ताच समजणा नाय.” पुढें तो स्पीकर कपाटावर धूळ खात पडतो. मुलाचे पैसे वायां गेले ही गोष्ट लहान. सोबत म्हणून आणलेली वस्तु मुकी झाली आणि घर पुन्हां सुनें झालें, ही गोष्ट मोठी. म्हणून निवडीचें पहिलें सूत्र असें कीं, ज्याचे कान, त्याची पसंती. बाकीच्या सर्व गोष्टी त्यानंतरच्या.

हें सूत्र नीट समजण्यासाठीं स्पीकर बोलतो कसा हें थोडक्यांत पाहणें अवश्य आहे. लोहचुंबकाच्या अरुंद फटींत तारेचें एक हलकें वेटोळें बसविलेलें असतें आणि त्याला कागदाचा किंवा तशाच हलक्या द्रव्याचा एक उथळ शंकु चिकटविलेला असतो. गाण्याच्या स्वरांबरहुकूम बदलणारा विजेचा प्रवाह वेटोळ्यांतून गेला म्हणजे तें मागेंपुढें थरथरतें. त्याबरोबर शंकु हालतो, शंकु हवेला ढकलतो आणि हवेचे ते धक्के कानापर्यंत पोंचतात. अमेरिकेंतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघां संशोधकांनीं या रचनेचें व्यवहारोपयोगी रूप १९२५ सालीं प्रसिद्ध केलें. त्यानंतर चुंबक लहान झाले, द्रव्यें बदललीं, पण मूळ युक्ति शंभर वर्षें तीच राहिली आहे.

मनुष्याच्या तरुण कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें असलेले ध्वनि ऐकूं येतात. यांपैकीं खालचे, म्हणजे घुमारदार ध्वनि काढण्यासाठीं पुष्कळ हवा हालवावी लागते. फोनमधील पडदा नखाएवढा. तो हवा हालविणार ती किती? म्हणून फोनवर दशावतार लावला असतां झांज तेवढी किणकिणते, पेटी चिरकी होते आणि पखवाजाची थाप जवळजवळ नाहींशी होते. फोन स्टीलच्या तांब्यांत उभा केला म्हणजे आवाज वाढतो, हा प्रयोग अनेकांनीं करून पाहिला असेल. तो खराही आहे. परंतु त्यांत तांब्याचा स्वतःचा नाद मिसळतो आणि शब्द पुसट होतात. चार-पांच सेंटिमीटर व्यासाचा शंकु एका बंद पेटींत बसविला कीं पुष्कळच सुधारणा होते. कांहीं पेट्यांत वेटोळें नसलेला दुसरा एक पडदा असतो. आंतील हवेच्या दाबानें तो आपोआप हालतो व खालच्या सुरांना भर देतो. चांगल्या लहान स्पीकरमधून पखवाज ओळखूं येतो तो या युक्तीमुळें. दुकानांत लावतात त्या मोठ्या पेटीची गंभीरता मात्र त्यांत शोधूं नये.

आतां कानाकडे वळूं. वय वाढूं लागलें म्हणजे बहुतेकांच्या बाबतींत वरच्या पट्टीचे, बारीक ध्वनि ऐकण्याची शक्ति प्रथम क्षीण होते. बोलण्यांतील स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ हे, खालच्या पट्टीचे व जोरकस असतात. तर स, श, फ, ख, थ अशीं व्यंजनें वरच्या पट्टीचीं व दुबळीं असतात. स्वर आवाजाला बळ देतात, पण अर्थ ठरतो तो व्यंजनांवर. ‘साठ’, ‘पाठ’ आणि ‘काठ’ या तीन शब्दांत ‘आ’ सर्वत्र सारखाच आहे. निराळें आहे तें केवळ पहिलें व्यंजन. तें निसटलें कीं तिन्ही शब्द एकच. वृद्ध माणूस “मोठ्यानें बोल” म्हणतो आणि मोठ्यानें बोललें तर “ओरडूं नको” म्हणतो, यांतील विसंगति केवळ वरवरची आहे. त्याला हवा असतो तो मोठा आवाज नव्हे, स्पष्ट आवाज.

नेमक्या याच ठिकाणीं बाजारांतील पुष्कळ स्पीकर दगा देतात. दुकानांत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून त्यांत खालचे सूर मुद्दाम फुगविलेले असतात. फुगलेला ठेका दुबळ्या व्यंजनांना झांकून टाकतो आणि आवाज जितका वाढवावा तितका शब्द बुडत जातो. यास्तव ज्या घरांत कीर्तन, नाटक, बातम्या व पुस्तकवाचन ऐकावयाचें आहे, तेथें घुमारा थोडा कमी असला तरी चालेल, पण बोल स्वच्छ हवा. कांहीं स्पीकरांत आवाजाचा पोत बदलण्याची सोय असते. तींत ‘बोलण्यासाठीं’ असा पर्याय असल्यास तो लाभदायक होतो. इतकें करूनही शब्द कळत नसतील तर दोष स्पीकरचा न समजतां कानांच्या डॉक्टरास दाखवावें. श्रवणयंत्राचें काम स्पीकरकडून होत नाहीं.

वेष्टणावर मोठ्या अक्षरांत छापलेला वॅटचा आंकडा हा गिऱ्हाइकास भुरळ घालणारा दुसरा विषय. दहा वॅटांचा स्पीकर पांच वॅटांच्या दुप्पट मोठ्यानें वाजेल, असा साधा हिशेब मनांत येतो. पण कानाचें गणित त्रैराशिकाचें नव्हे. शक्ति दुप्पट केली असतां आवाज अवघा तीन डेसिबलनीं चढतो, आणि हा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाला असें वाटण्यास शक्ति सुमारें दहापट करावी लागते. उलट, उघड्या जागेंत अंतर निम्म्यावर आणलें तर एक पैही खर्च न होतां आवाज सहा डेसिबलनीं वाढतो. तात्पर्य, मोठा स्पीकर घेण्यापेक्षां लहान स्पीकर खुर्चीजवळ ठेवणें अधिक शहाणपणाचें. माजघरास किंवा निजण्याच्या खोलीस पांच वॅट पुरेसे होतात; पडवींत वा खळ्यांत पांचसात माणसें बसत असतील तर दहा ते वीस वॅटांचा पाहावा. त्याहून मोठी शक्ति घरगुती ऐकण्यास लागत नाहीं.

फोन आणि स्पीकर यांची जोडणी बहुधा ब्लूटूथ या पद्धतीनें होते. दहाव्या शतकांत डेन्मार्कमध्यें हॅराल्ड ब्लूटूथ नांवाचा राजा होऊन गेला; त्यानें विखुरलेले लोक एका सत्तेखालीं आणले, म्हणून निरनिराळ्या यंत्रांस एकत्र आणणाऱ्या या योजनेस त्याचें नांव देण्यांत आलें. ही योजना चालविणारा उद्योगसंघ १९९८ सालीं स्थापन झाला. या लहरींची मजल अशा लहान स्पीकरांत मोकळ्या जागीं साधारणपणें दहा मीटरांची असते. पण कोंकणांतील जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती आड आल्या कीं ती बरीच घटते. फोन माजघरांत चार्जिंगला आणि स्पीकर खळ्यांत, अशी मांडणी केली तर गाणें तुटक येणारच. तो स्पीकरचा दोष नव्हे. शिवाय या जोडणींत आवाज क्षणभर मागें राहतो. नुसतें ऐकतांना तें कळत नाहीं. परंतु फोनवरील ॲपमध्यें एकेक बोट दाबून पेटी किंवा तबला वाजविणाऱ्यास तें अडतें. त्यांनीं तार जोडण्याचें छिद्र असलेला स्पीकर घ्यावा आणि आपल्या फोनलाही तशी सोय आहे ना, हें आधीं पाहावें.

आणखी दोन सोयी अशा आहेत कीं, शहरांत त्यांची मातबरी वाटत नाहीं, पण या किनाऱ्यावर त्या मोलाच्या ठरतात. पहिली, मेमरी कार्डाची खांच. डोंगराच्या कुशींतील कित्येक वाड्यांत फोनची रेंज येतजात असते. मुलानें गांवीं आल्यावर आई-वडिलांच्या आवडीचीं भजनें व कीर्तनें कार्डावर भरून दिलीं, तर पुढें इंटरनेट नको आणि फोनही नको. एक बटण दाबलें कीं गाणें सुरू. दुसरी सोय एफ. एम. रेडिओची. मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां झाडें व खांब कोसळून जिल्ह्यांत ठिकठिकाणीं वीज गेली आणि फोनही बंद पडले. अशा वेळीं स्वतःच्या बॅटरीवर चालणारा रेडिओ हा करमणुकीचा विषय राहत नाहीं; ज्याच्या घरचा माणूस होडी घेऊन समुद्रावर जातो, त्याला हवामानाची सूचना म्हणजे जिवाचा प्रश्न असतो. मात्र पुष्कळ लहान स्पीकरांत चार्जिंगची तार जोडल्यावांचून रेडिओ नीट लागत नाहीं, कारण तीच तार त्यांची एरियल असते. म्हणून सावंतवाडीहून चालणारें आकाशवाणीचें सिंधुदुर्ग केंद्र किंवा दुसरें एखादें केंद्र आपल्या वाडींत स्वच्छ लागतें कीं नाहीं, हें मुदतींतच तपासून घ्यावें. न लागल्यास निराळा साधा ट्रान्झिस्टर घरांत ठेवणें इष्ट.

यानंतर हवापाण्याचा विचार. मालवणच्या पट्टींत पाऊस भरपूर पडतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा लोखंडाच्या खिळ्यासही सोडीत नाहीं. स्पीकरवर ‘आय. पी.’ या अक्षरांपुढें दोन आंकडे असतात, त्यांचा अर्थ येथें समजून घेतला पाहिजे. पहिला आंकडा धुळीपासूनच्या बचावाचा असून तो सहापर्यंत जातो; दुसरा पाण्यापासूनच्या बचावाचा. दुसरा आंकडा चार असल्यास चोहोंकडून उडालेले शिंतोडे सोसतात. सात असल्यास एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास बुडूनही वस्तु बिघडूं नये अशी अपेक्षा असते. आंकड्याच्या जागीं ‘एक्स’ असेल तर त्या बाबतींत हमी दिलेली नाहीं, असें समजावें. घरांतील वापरास दुसरा आंकडा चार पुरतो. तारकर्ली-देवबागच्या वाळूंत किंवा होडींत न्यावयाचा असेल तर सहा आणि सात असे दोन्ही आंकडे पाहावे. पण एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: या परीक्षा गोड्या पाण्यांत घेतलेल्या असतात. खारें पाणी लागलें तर स्पीकर, पाणी सोसणारा असल्यास, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानें पुसून पुरा वाळवावा, आणि चार्जिंगचें छिद्र ओलें असतां त्यांत तार मुळींच घालूं नये.

बॅटरी किती तास चालते याचा आंकडा कंपन्या बहुधा मध्यम आवाजावरील देतात. पुरा आवाज ठेवल्यास ती पुष्कळच लवकर संपते. दहा तास लिहिले असतील तर सहासात तासांचा अंदाज धरणें बरें. स्पीकर उन्हांत वा बंद मोटारींत ठेवूं नये, आणि महिनोन् महिने वापरावयाचा नसेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवावी व मधून मधून पुन्हां भरावी. पार रिकामी पडून राहिलेली बॅटरी कायमची निकामी होते. चार्जिंगचें छिद्र फोनसारखेंच असल्यास एकच तार दोघांना पुरते. वृद्धांसाठीं घेतांना बटणें मोठीं, उठावदार आणि अंधारांतही बोटाला समजणारीं असावीं. दिवे, रंग व झगमगाट यांनीं आवाजांत तिळमात्र भर पडत नाहीं. बॅटरीचा खर्च मात्र वाढतो.

दुकानांत गेल्यावर परीक्षा कशी घ्यावी? दुकानदार आपल्या पसंतीचें गाणें लावतो, आणि तें बहुधा स्पीकरला शोभेल असेंच निवडलेलें असतें. म्हणून ओळखीच्या आवाजाचे तीन नमुने स्वतःच्या फोनमध्यें घेऊन जावें. पहिला, नुसत्या बोलण्याचा: एखादें कीर्तन, बातमीपत्र किंवा गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरणा’सारखें झरझर चालणारें मालवणी नाटक. दुसरा, पेटी, पखवाज व झांज एकत्र असलेल्या भजनाचा. तिसरा, एखाद्या जुन्या नाट्यपदाचा. पहिला नमुना मंद आवाजांत लावून दहा पावलें दूर जावें आणि पाठ फिरवून ऐकावें. शब्द कळले तर स्पीकर पहिल्या परीक्षेंत उतरला. दुसऱ्या नमुन्यांत तिन्ही वाद्यें निरनिराळीं ओळखूं यावीं. तिसरा नमुना मिनिटभर पुऱ्या आवाजांत लावावा. पेटी खरखरली, थरथरली किंवा आवाज फाटला तर ती बाजूस ठेवावी. ज्यांच्यासाठीं खरेदी आहे तीं वडील मंडळी बरोबर असल्यास निकाल त्यांनींच द्यावा. तें शक्य नसेल तर परत करण्याची मुदत विचारून घ्यावी. दोन स्पीकरांची जोडी घेण्याचा आग्रह होतो, तोही तपासून पाहावा. १९५० ते १९६० या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निघालेल्या बहुतेक ध्वनिमुद्रिका एकाच मार्गाच्या असल्यानें, जुनें संगीत ऐकणारास एक चांगला स्पीकर दोन सामान्य स्पीकरांहून श्रेयस्कर आहे. अशा ब्लूटूथ स्पीकरांस भारतांत भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आवश्यक असते. तिचें चिन्ह व ‘आर’ या अक्षरानें सुरू होणारा क्रमांक वस्तूवर वा वेष्टणावर आहे ना हें पाहावें. तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळतां येतो. पावती व हमीपत्र जपून ठेवण्याचें सांगावयास नकोच.

शेवटीं शेजारधर्माविषयीं. स्पीकर हातांत मावतो म्हणून त्याचा आवाजही हातांतच राहतो असें नाहीं. ध्वनिप्रदूषणाविषयींच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी वस्तींत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल असून, रात्र म्हणजे दहापासून सकाळीं सहापर्यंतचा वेळ होय. कोंकणांत घरें विरळ आणि रात्री शांत असतात. म्हणून येथें थोडा आवाजही फार लांब ऐकूं जातो. समुद्रकिनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें, कारण त्यांच्या मौजेचें ठिकाण तें दुसऱ्या कोणाच्या तरी घराचें अंगण असतें आणि पहांटे होडी लोटणाऱ्याची झोंप तेथेंच व्हावयाची असते. स्वतःच्या कानांसही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत निर्धास्तपणें ऐकतां येतो. तोच ९० झाला कीं मुदत चार तासांवर येते. तरुणपणीं दणदणाटानें गमावलेली श्रवणशक्ति म्हातारपणीं कोणताही स्पीकर परत देऊं शकत नाहीं.

एकंदरींत विचार असा ठरतो. घरासाठीं पांचसात वॅटांचा, बोल स्वच्छ असणारा, मोठ्या बटणांचा, मेमरी कार्ड व शक्य तर रेडिओची सोय असलेला, पाण्याचे शिंतोडे सोसणारा आणि मानक ब्यूरोची नोंदणी असलेला एक साधा स्पीकर पुरेसा आहे. त्याहून अधिक पैसे खर्चण्यास हरकत नाहीं. परंतु अधिक पैशांनीं अधिक दणदणाट विकत घेण्यांत कांहीं अर्थ नाहीं. आणि मुलांनीं तो वडिलांच्या हातीं देतांना एक अर्धा तास त्यांच्याजवळ बसावें, कोणतें बटण कशाचें तें सांगावें, त्यांच्या हातून दोन-चार वेळां करवून घ्यावें. कळा ठाऊक नसलेलें यंत्र कितीही उत्तम असलें तरी तें मुकेंच राहतें. आणि साध्याशा यंत्रांतूनही ओळखीचा बोल स्पष्ट आला, तर रिकाम्या घराला सोबत मिळते.